आमच्या दुकानात फळी विकत मिळते, सल्ला अजून फुकट आहे

मिरजेचा सायकलवाला
९ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मागे थंडीच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेलो की मी स्नोबोर्डच्या, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळ्यांच्या, दुकानात कामाला आहे. तेव्हापासून व्यनितून (खाजगी निरोपातून) तेच तेच प्रश्न येताहेत, म्हणून हा वेगळा धागा. शिवाय गेल्या आठवड्यात दुकानात एक प्रकार घडला तो डोक्यातून जात नाही. त्यावर तुमचं मत हवंय.

आधी थोडं गावाबद्दल. गाव लाक्स, स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात. जवळचं शहर कूर, तिथून पिवळी पोस्टबस डोंगर चढत फ्लिम्सवरून इथे येते. बायकोची नोकरी कूरजवळ, मी मागोमाग आलेला नवरा. पहिले नऊ महिने जर्मनचे क्लास आणि भांडी एवढाच कार्यक्रम. मग नोव्हेंबरात एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद दिसला: वर्कशॉपमध्ये हिवाळ्यापुरता माणूस पाहिजे. आत गेलो. मालकाने माझं तोडकंमोडकं जर्मन दोन वाक्यांत थांबवलं, गंजक्या कडांची एक फळी वाइसमध्ये आवळली आणि हातात कानस दिली. मिरजेत बाबांच्या सायकल दुकानात वयाच्या दहाव्या वर्षापासून चाकांचे आऊट काढलेत मी. कानस कशी धरायची हे मला शिकवावं लागत नाही. पाच मिनिटं बघून तो म्हणाला, सोमवारी ये.

इथे मालकाला 'शेफ' म्हणतात. घरी फोनवर सांगितलं, "शेफ चांगला आहे," तर आईला वाटलं पोरगं हॉटेलात लागलं. अजूनही ती शेजाऱ्यांना काय सांगते कोण जाणे.

दुकान म्हणजे आपल्याकडच्या दोन गाळ्यांएवढं. पुढे विकायच्या चाळीसेक फळ्या भिंतीला, मागे भाड्याचा माल, आणि खाली तळघरात वर्कशॉप. तळघरात उतरलं की वितळलेल्या मेणाचा आणि रात्रभर वाळत घातलेल्या भाड्याच्या बुटांचा असा काही संमिश्र वास येतो की पहिल्या दिवशी मी परत वर आलो होतो. गरम हवेच्या नळ्यांवर बूट उलटे टांगलेले असतात, पंचवीस-तीस जोड. सकाळी आधी ते उतरवायचे. मग भाड्याच्या प्रत्येक फळीचे बाइंडिंगचे, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या पकडीचे, स्क्रू हाताने तपासायचे, कारण थरथरीने ते सैल होतात. साडेआठला गिऱ्हाईक सुरू होतं आणि दहापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. दहानंतर सगळं गाव डोंगरावर, दुकानात आम्ही दोघं आणि रेडिओ.

तेव्हा खरं काम होतं. फळीचा तळ पितळी ब्रशने साफ करायचा, इस्त्रीवर मेणाची वडी टेकवून थेंबथेंब सोडायची, मग इस्त्री फिरवून मेण तळात मुरवायचं. इस्त्री एका जागी थांबली की तळ भाजला म्हणून समजा. धूर दिसला तर शेफ वरच्या मजल्यावरून ओरडतो, त्याला वासाने कळतं. फळी गार होऊ द्यायची, अर्धा तास तरी. मग प्लास्टिकच्या पट्टीने सगळं मेण खरवडून काढायचं. नवीन माणसाला इथेच वाईट वाटतं, एवढं लावलं ते काढायचं कशाला? पण कामाचं मेण आत मुरलेलं, वरचं नुसतं अडवतं. दगडावरून गेल्याने तळाला खाच पडली असेल तर प्लास्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब खाचेत भरायचे आणि सपाट तासायचं. बाबा पंक्चर काढतात त्याचंच हे भावंड.

आता तो प्रकार. नाताळानंतरच्या शनिवारी एक जोडपं आलं. तिला बूट हवे होते. शेफ गुडघ्यांवर बसून सव्वा तास तिच्या पायाशी होता. मोजमाप, पाच जोड, चालून बघ, वाकून बघ, टाच उचलते का बघ. शेवटी एक जोड अगदी बरोबर बसला. ती म्हणाली, विचार करते. जाताना तिने बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलचा फोटो काढला. मी पाहिलं, शेफनेही पाहिलं.

गेल्या आठवड्यात दोघं परत हजर. हातात कुरिअरचं खोकं. तेच बूट, सोबत नवी फळी आणि बाइंडिंग. इंटरनेटवर तिचा नंबर संपलेला होता म्हणून अर्धा नंबर मोठा मागवला, आता टाच आत उचलते. बाइंडिंगही बसवून पाहिजे होतं. कसलाही संकोच नाही.

शेफने काही विचारलं नाही. बाइंडिंग बसवलं, बुटाच्या आतलं अस्तर गरम करून तिच्या पायावर पुन्हा बसवलं, टाचेच्या दोन्ही बाजूंना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आणि कामाचे ६० फ्रँक घेतले. ती गेल्यावर मी तणतणलो. तो म्हणाला, "टाच उचलत नाही ना आता?" आणि माझ्या हातात झाडू दिला.

याला जर्मनमध्ये चक्क शब्द आहे, बेराटुंग्सक्लाउ. सल्लाचोरी. माझा प्रश्न असा: तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? आणि खरं सांगा, तुम्ही कधी ही चोरी केली आहे का?

---

कोथरूडकर आजोबा
९ जानेवारी, रात्री ११:०५

झकास लिहिलंय. आमच्या पिढीला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. प्रश्न बाळबोध आहेत, रागावू नका. स्की आणि ही फळी यात फरक काय? आणि उन्हाळ्यात दुकान काय करतं?

---

तर्कटराव
९ जानेवारी, रात्री ११:३०

भावनेला हात घालणारा लेख आहे, म्हणून मुद्दाम दुसरी बाजू. ती बाई चोर नाही. तिने दुकानाशी कुठलाही करार केला नव्हता. सल्ला फुकट ठेवायचा हा दुकानदाराचा निर्णय, मग तो फुकट घेणाऱ्यावर राग कशाला? सल्ल्याला किंमत असेल तर पाटी लावा. वकील लावतात, डॉक्टर लावतात. शंभर फ्रँक वाचत असतील तर मी इंटरनेटवरूनच घेईन, आणि इथले नव्वद टक्के लोक तेच करतील, फक्त कबूल करणार नाहीत.

---

झुरिचसई
१० जानेवारी, सकाळी ७:५०

मी कबूल करते. मी केलंय. तुमच्या गावात नाही, दुसऱ्या एका खोऱ्यात, चार वर्षांपूर्वी. दुकानातल्या काकूंनी माझ्यामागे दीड तास घालवला. मी घरी येऊन बर्लिनहून बूट मागवले, ९० फ्रँक वाचले. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पायाची बोटं बधिर. परत त्याच दुकानात जायचं धाडस झालं नाही, म्हणून तो सगळा हिवाळा मी ते बूट तसेच रेटले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होऊन गळाली.

आज लेख वाचून त्या काकू आठवल्या. त्यांच्याकडे मुलांसाठी चॉकलेटची बरणी होती, मला पण दिलं होतं एक.

---

मिरजेचा सायकलवाला
१० जानेवारी, दुपारी १:१५

@कोथरूडकर आजोबा, रागवायचं काय त्यात. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या, तोंड पुढे, हातात काठ्या. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला आडवे जखडलेले, शरीर एका कुशीवर, हात मोकळे. मूळ खेळ पोरींचा आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेत मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यावर त्यांना टेकडीवरून सोडलं. बायकोने नाव सुचवलं 'स्नर्फर', स्नो आणि सर्फ मिळून. पुढे टोकाला दोरी आली, घोड्याच्या लगामासारखी. पाय बांधायची सोय नव्हती, पडलं की पडलं. मग १९७७ मध्ये व्हर्माँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटरने फळ्या बनवायचा धंदा काढला, त्याच नावाची कंपनी आज सगळ्यांना माहीत आहे. इथे युरोपात नीडेकर म्हणून स्विस घराणं आहे, जिनिव्हाच्या सरोवराकाठी रोल गावातलं, १८८७ पासून लाकडाचं काम करणारं. त्यांनी ऐंशीच्या दशकात फळ्या करायला घेतल्या.

सुरुवातीला स्कीवाल्यांना हे लोक अजिबात खपत नसत. पुष्कळ ठिकाणी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर त्यांना बंदी होती. अमेरिकेत आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी ती अजून आहे! शेफ तरुणपणी पहाटे फळी खांद्यावर टाकून चालत चढायचा आणि लिफ्ट सुरू व्हायच्या आत खाली यायचा. दुकान त्याने काढलं तेव्हा गावातल्या एका जुन्या स्की मास्तराने वर्षभर नमस्कार घेतला नव्हता. मग १९९८ ला नागानोमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि हाफपाइपचं (अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या पन्हाळीतल्या स्पर्धेचं) पुरुषांचं सुवर्ण कोणाला? ग्यान झिमेनला. पठ्ठ्या आरोझाचा, म्हणजे आमच्याच प्रांतातला. भर पावसात स्पर्धा झाली होती. शेफ म्हणतो, त्या दिवशी दुपारी ते मास्तर दुकानात आले आणि नातवासाठी फळी दाखव म्हणाले.

तेव्हा छोटं असलेलं लाक्स आता या खेळाचं मोठं ठिकाण आहे. वर २०० मीटर लांब आणि जवळजवळ ७ मीटर उंच भिंतींचा हाफपाइप आहे, जानेवारीत जगभरचे खेळाडू येतात. त्या डोंगराचं नाव क्राप सोन्य ज्योन. इथली जुनी भाषा रोमान्श, तीत 'क्राप' म्हणजे खडक, संत जॉनचा खडक. इंग्रजीत 'क्रॅप' म्हणजे घाण, म्हणून इंग्रजी पाहुणे लिफ्टच्या पाटीसोबत फोटो काढून खिदळतात. गावकरी आता बघतही नाहीत.

उन्हाळ्यात दुकान सायकली दुरुस्त करतं. मग मी शेफचा शेफ.

@तर्कटराव, तुमच्याशी भांडायला संध्याकाळी येतो. गिऱ्हाईक आलंय.

---

भाषा जपा
१० जानेवारी, दुपारी २:०२

'स्नोबोर्ड'ला मराठी शब्द करायला काय हरकत आहे? हिमफळी. बाइंडिंगला पकड. इस्त्रीला इस्त्री म्हणता आलं ना?

---

कोथरूडकर आजोबा
१० जानेवारी, दुपारी २:२०

भाषा जपा, इस्त्री पोर्तुगीजांकडून आली हो. जाऊ द्या. फळीच बरी.

---

हाडांचा डॉक्टर
१० जानेवारी, दुपारी ४:४०

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे म्हणून मध्ये घुसतो. शिकाऊ लोकांनी बूट कुठून घेतले यापेक्षा मनगटाचं रक्षक घेतलं का ते मला सांगा. फळीवर दोन्ही पाय बांधलेले, पडताना पाय टाकता येत नाही, माणूस आपोआप हात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर. स्कीवाले गुडघे घेऊन येतात, बोर्डवाले मनगटं. नवशिक्यांत हे सगळ्यात जास्त दिसतं. पडायचंच तर मुठी वळून कोपरापर्यंतच्या हातावर पडा, बोटं पसरून नको. मागे पडलात तर बसून घ्या आणि हनुवटी छातीला लावा.

आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका. स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं, त्याची चीर सुरुवातीला लपते. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढा. दुर्लक्ष केलं तर ते हाड जुळत नाही आणि पुढे आयुष्यभराचा वैताग.

सायकलवाले, तुमच्याकडे ती रक्षकं भाड्याने मिळतात का?

---

गुलमर्गला पडलेली
१० जानेवारी, संध्याकाळी ६:१०

डॉक्टर, माझं आयडी बघा, म्हणजे कळेल. डावं मनगट. 😀

मी पुण्याहून पहिल्यांदा गुलमर्गला गेले होते शिकायला. डोंगर आणि बर्फ याबद्दल प्रश्नच नाही. गोंडोला (रोपवे) दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेऊन सोडतो, आल्प्समध्ये एवढ्या उंचीवर एकही लिफ्ट जात नाही. पण भाड्याचं सामान! जिथून घेतलं तिथे मला बुटाचा नंबर विचारला, एक नंबर मोठे बूट दिले आणि म्हणाले दोन मोजे घाला. फळी कोणत्या पायाने पुढे हे विचारलंच नाही. दोन दिवस मी उलट्या पायाने शिकत होते, हे मला तिसऱ्या दिवशी एका रशियन मुलाने सांगितलं. मनगट दुसऱ्या दिवशीच गेलं होतं.

मुद्दा हा, की सल्ल्याची किंमत किती हे मी नेमकं सांगू शकते. प्लास्टर, दोन एक्सरे, फिजिओचे सहा आठवडे. तर्कटराव, हिशेबात धरा.

---

मिरजेचा सायकलवाला
१० जानेवारी, रात्री ९:३०

@गुलमर्गला पडलेली, दोन मोजे हे ऐकून मला घाम फुटला. भारतातून येणारं प्रत्येक कुटुंब आमच्याकडे दोन-दोन लोकरी मोजे घालून येतं, पहिले दहा मिनिटं ते काढायला लावण्यात जातात. मोजा एकच, पातळ, सुती नको. दोन मोजे एकमेकांवर घसरतात, चुण्या पडतात आणि रक्त अडून पाय उलट जास्त गार पडतो. बुटात उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती जराशी मागे सरतात. सैल बूट आरामशीर वाटतो, पण टाच आत उचलली की पायाने दिलेला हुकूम फळीपर्यंत पोचत नाही. मग माणूस पायाच्या बोटांनी बूट पकडून ठेवायला बघतो आणि दुपारपर्यंत पोटऱ्या पेटतात.

आपल्या लोकांचं एक वेगळंच आहे. चपलांत वाढलेला पाय पुढून पसरट असतो आणि टाच त्या मानाने अरुंद. इथले बरेच बूट अशा पायाला बोटांजवळ चावतात. म्हणून लोक मोठा नंबर घेतात आणि टाच सुटते. यावर उपाय नंबर वाढवणं नाही. रुंद साच्याचा बूट शोधायचा, किंवा अस्तर गरम करून पुढे जागा करायची. हे मला शेफने नाही शिकवलं बरं का, मी त्याला दाखवलं, माझाच पाय काढून. आता आपलं कोणी आलं की तो लांबूनच मला हाक मारतो.

कोणता पाय पुढे याची परीक्षा सोपी. गिऱ्हाइकाला पाठमोरं उभं करायचं आणि न सांगता हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तो बहुतेक वेळा फळीवर पुढचा. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. मोजून दोन सेकंदांचं काम. फक्त एकदा एका जर्मन आजींना मी असं ढकललं, त्या नातवासोबत नुसत्या आल्या होत्या.

@डॉक्टर, रक्षकं भाड्याने आहेत, पण कोणी मागत नाही. आम्हीच काउंटरवर ठेवून देतो. हेल्मेट मात्र सक्ती नसताना जवळपास सगळेच घालतात.

आता @तर्कटराव. पाटी लावा म्हणता. काही दुकानांनी लावली आहे, सल्ल्याचे अमुक फ्रँक, खरेदी केली तर वजा. शेफला मी हे सुचवलं होतं. तो म्हणाला, दारात पैसे मागितले की लोक खरा पाय दाखवत नाहीत. म्हणजे असं, की पैसे दिलेला माणूस घाई करतो, आपल्याला हवं तेच ऐकायला बघतो. मला अर्धंच पटलं.

पण तुम्ही दुकानदाराचा धोका धरत नाही. पुढच्या हिवाळ्याचा माल कधी सांगावा लागतो माहीत आहे? याच हिवाळ्यात! जानेवारी-फेब्रुवारीत कंपनीचे लोक नमुने घेऊन येतात, तेव्हा नोंदवायचं, किती फळ्या, कोणत्या लांबीच्या, कोणते बूट. माल पुढच्या शरद ऋतूत येतो. मधे बर्फ पडेल की नाही हे कोणाला ठाऊक? डिसेंबर कोरडा गेला तर मोठे इंटरनेटवाले जानेवारीतच भाव पाडतात, आणि आमच्या भिंतीवरच्या चाळीस फळ्या तिथेच. कांदा लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि शेफच्या बोलण्यात एक तारीख नेहमी येते. १५ जानेवारी २०१५. फ्रँक फार महाग होऊ नये म्हणून ठेवलेली युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा स्विस राष्ट्रीय बँकेने त्या दिवशी सकाळी एकदम सोडून दिली. दुपारपर्यंत फ्रँक युरोच्या जवळपास बरोबरीला. म्हणजे आदल्या रात्री शेजारी जर्मनीत जी फळी जराशी स्वस्त होती ती एका सकाळी कितीतरी स्वस्त झाली, आणि इथल्या दुकानात माल मात्र जुन्या भावाने भरलेला, ऐन हंगामात. तो म्हणतो, त्या आठवड्यात दुकानात खूप लोक आले. सगळ्यांनी फोटो काढले.

---

तर्कटराव
१० जानेवारी, रात्री १०:१२

माहिती उत्तम, पण माझा मुद्दा तिथेच. फ्रँक महाग झाला यात गिऱ्हाइकाचा काय दोष? चोरी म्हणायला मालकी लागते. माहितीची मालकी कशी सांगणार? मी तुमच्याकडून आत्ता 'एकच मोजा' शिकलो, तुम्हाला किती देऊ?

---

झुरिचसई
१० जानेवारी, रात्री १०:३०

तर्कटराव, तुम्ही अप्पा बळवंत चौकात उभं राहून पुस्तक अर्धं वाचून ठेवून देणाऱ्यांपैकी दिसता.

---

तर्कटराव
१० जानेवारी, रात्री १०:३४

अर्धं नाही, पूर्ण. आणि तो दुकानदार मला स्टूल द्यायचा.

---

गुलमर्गला पडलेली
१० जानेवारी, रात्री १०:५१

स्टूल देणारा दुकानदार आता आहे का तिथे?

---

तर्कटराव
१० जानेवारी, रात्री ११:२०

नाही. बंद झालं. मोबाइलची कव्हरं मिळतात तिथे आता.

---

मिरजेचा सायकलवाला
११ जानेवारी, रात्री ८:४५

आज बाबांना फोनवर हा सगळा प्रकार सांगितला. मिरजेतही आता पोरं खोक्यातली सायकल मागवतात आणि जोडायला बाबांकडे आणतात. हँडल उलटं, ब्रेक पेडलपर्यंत सैल, असे नग. मी विचारलं, तुम्ही काय करता? म्हणाले, "जोडून देतो की. जोडणीचं पैसं घेतो. वर ओव्हरऑइलिंग सहा महिन्यांनी करून घे म्हणून सांगतो. येतंय पोरगं." मग जरा थांबून म्हणाले, "पयल्या पयल्यांदा एकाला हाकललं हुतं रं. त्यो परत कदी दिसलाच न्हाई. त्याचा ब्रेक कुणी लावला काय म्हाईत."

हे ऐकल्यावर मला आठवलं की त्या बाईने आणलेल्या बाइंडिंगच्या खोक्यात स्क्रू दोन लांबीचे होते. घरी बसवलं असतं आणि लांब स्क्रू गेले असते तर ते थेट फळीच्या तळाला आतून फुगवटा आणतात. शेफने ते न बोलता बाजूला काढले होते. तेव्हा मी फक्त तणतणत होतो, माझं लक्षच नव्हतं.

तर्कटराव, 'एकच मोजा'चे काही नकोत. पण एक करा, कधी आलात तर फोटो माझ्यासमोर काढा, लपवून नको.

---

तर्कटराव
११ जानेवारी, रात्री ९:५०

झालं असं आहे की मी खरंच येतोय. 😐 मुलगा स्टुटगार्टला असतो, फेब्रुवारीत दोन नातवंडांना घेऊन लाक्सला जायचं ठरलंय. मी नुसता कॉफी पिणार. मुलं ८ आणि ११. त्यांना विकत घ्यावं की भाड्याने? आणि मुलाने स्वतःसाठी बूट आधीच मागवलेत. कुठून ते विचारू नका.

---

मिरजेचा सायकलवाला
११ जानेवारी, रात्री १०:०५

मुलांना भाड्यानेच. वाढतं अंग, पुढच्या वर्षी दोन्ही बूट कुचकामी. मोठ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: वर्षात आठवडाभरच जाणार असाल तर फळी भाड्याची, पण हौस टिकतेय असं दिसलं तर पहिली खरेदी बुटांची. फळी कुठलीही चालून जाते. मोठ्यांचं भाडं दिवसाला पन्नास-साठ फ्रँकच्या आसपास जातं, मुलांचं कमी, पाच-सहा दिवसांचं एकदम घेतलं तर आणखी खाली. प्रवास विम्यात हिवाळी खेळ धरलेत का ते मात्र आधी वाचा. इथल्या नोकरदारांना कामाबाहेरच्या अपघाताचा विमा नोकरीतून मिळतो, पाहुण्यांना नाही.

मुलाचे बूट घेऊन या. पहिल्या दिवशी डोंगरावर जायच्या आधी आणा, दुखायला लागल्यावर नको.

आणि शनिवारी येऊ नका. शनिवारी सगळ्या गावातल्या खोल्या रिकाम्या होऊन नवीन पाहुणे येतात, दारापर्यंत रांग असते. रविवारी दुपारी चारनंतर या.

नातवंडांचे बुटाचे नंबर देऊ नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि सेंटिमीटर कळवा. दोन्ही पायांचे. सोबत वजन आणि उंची.

---

तर्कटराव
१२ जानेवारी, रात्री ९:१५

मोठा: २३.४ आणि २३.१, वजन ३६, उंची १४४. धाकटी: २०.२ आणि २०.२, वजन २५, उंची १२७. मुलाचे पण मोजून घेतले, २७.३ आणि २६.८. त्याने मागवलेत २८.५.

---

मिरजेचा सायकलवाला
१२ जानेवारी, रात्री ९:२२

अरे देवा. परत पाठवायची मुदत आहे का अजून?

---

तर्कटराव
१२ जानेवारी, रात्री ९:२४

परवापर्यंत.

---

मिरजेचा सायकलवाला
१२ जानेवारी, रात्री ९:२५

उद्याच पाठवा. २७.५ च्या पुढे जाऊ नका. पुन्हा तिथूनच मागवलेत तरी चालेल.

---

झुरिचसई
१२ जानेवारी, रात्री ९:४०

😂😂 शेफना सांगू नका.